एकास चाळीस

तांदळाचं दुसरं पोतं मटिल्डाने कपाटात सरळ केलं, दार लावलं आणि गाऊनच्या बाहीने कपाळ पुसलं. कपाट उताणं होतं. वाडीतल्या कोरड्या हौदाच्या तोंडावर पॉलने अँगलची चौकट ठेवली होती. चौकटीच्या दोन्ही लांब बाजूंना लोखंडी पाइप, पाइपांवर गुंडाळलेले दोन जाड पट्टे, आणि त्या पट्ट्यांच्या झोळीत सासूच्या लग्नातलं हे सागवानी कपाट. दारावरच्या आरशात नारळाच्या झावळ्या दिसत होत्या आणि झावळ्यांमागे नव्या बिल्डिंगचा सातवा मजला.

"किती झालं?" पॉलने विचारलं.

"तांदूळ पंचेचाळीस किलो. कपाट चाळीस तरी असेल."

"आयचं वजन बेचाळीस आहे."

"ते पावसाळ्यातलं. आता अडतीससुद्धा भरायची नाही."

"जास्तीचं धरलेलं बरं."

तीस पावलांवर, ओट्यावर, पॉलची आय सालोमी उन्हाला पाठ करून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर रोजरीची माळ. बोअरिंगमधला पंप वर काढायचं यंत्र चाललंय, असं तिला सांगितलं होतं. नव्वदीच्या बाईला तिच्याच दफनाची तालीम चाललीय, हे सांगणार तरी कसं? दवाखान्याने तिला महिन्यापूर्वी घरी पाठवलं होतं, आणि का पाठवलं हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

पॉलने हँडल डाव्या हाताने धरलं. मटिल्डा बघतेय हे लक्षात आलं तसं उजव्याने धरलं आणि फिरवायला लागला.

पहिले दहा-बारा फेरे काहीच घडलं नाही. निदान दिसलं तरी नाही. मग कपाटाच्या खालच्या कडेची सावली हौदाच्या भिंतीवर आली आणि भिंतीवरून इतकी सावकाश सरकू लागली, की नजर हटवून परत आणली तरच सरकल्याचं कळावं. मटिल्डा मनात फेरे मोजत होती. एकशे दहाव्याला पॉलने हँडल सोडून दिलं आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले.

कपाट होतं तिथेच लटकत राहिलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"हात सुटला तरी ते सुटत नाही. आत एका आट्याचा वर्म आहे, म्हणजे स्क्रूसारखा दांडा, त्याला लागून चाळीस दात्यांचं चाक. वर्म चाकाला फिरवतो. चाकाने कितीही रेटलं तरी ते वर्मला फिरवू शकत नाही." तीस वर्षं वसई पूर्वेच्या एका गाळ्यात गिअर कापून झालेला माणूस, पण सांगताना त्याचा चेहरा शाळेत पाढा न चुकता म्हटलेल्या पोरासारखा झाला होता. "हँडलचे चाळीस फेरे, तेव्हा पाइपाचा एक. एकास चाळीस. वजन चाळीस जागी वाटलं गेल्यासारखं होतं. हाताशी काही उरतच नाही."

कपाट तळाला टेकलं तेव्हा दोनशे सोळा झाले होते. सव्वासात मिनिटं.

"तेवढ्यात माझा भात होतो," मटिल्डा म्हणाली.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

यंत्राचं कारण त्या दोघांनाच ठाऊक होतं. त्यांच्या आळीत पेटी खाली सोडायची ती गावच्या माणसांनी, दोरावर, चौघांनी चार टोकं धरून, आणि डोक्याकडचा एक दोर घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकांनी दोराला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी पॉलचा धाकटा भाऊ केनी हार्टअटॅकने गेला. तेव्हा डोक्याकडचा दोर पॉलच्या हातात होता. पेटी निम्म्यावर असताना ती बाजू धाडकन खाली गेली, पेटी कलली आणि आत काहीतरी हललं. तो आवाज तिथे जमलेल्या दोनशे माणसांनी ऐकला. केनीची बायको खालीच बसली. मग लोक म्हणाले, दोर ओला होता. सकाळी पाऊस पडून गेला होता, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. त्या गडबडीत पॉलने उजवा हात खिशात घातला आणि घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही, हे एकट्या मटिल्डाने पाहिलं.

मानेतली नस दबते, म्हणाले डॉक्टर. पकड मधूनच जाते, कधी जाईल ते सांगता येत नाही. साबण पडला की पॉल म्हणायचा, हे नवे साबण बुळबुळीत. पेला पडला की पेला ओला. मटिल्डाने साबण बदलला, पेले बदलले, आणि दुसरं काही बदलायचा विषय काढला नाही.

अकराच्या सुमारास सॅमी आला. पॉलचा चुलतभाऊ; आळीतल्या मयताचं सगळं त्याच्याच अंगावर असायचं. खड्ड्याला माणसं जमवणं, क्रूस रंगवणं, फादरांशी बोलणं. दोरही त्याच्याच माळ्यावर असत. पॉलनेच त्याला बोलावलं होतं.

"हे काय रे, सर्कस उतरवलीस काय वाडीत?"

"हळू बोल. आय ओट्यावर आहे."

पॉलने कपाट वर आणून ठेवलं होतं. त्याने सॅमीला हँडल धरायला दिलं. सॅमीने दोन्ही पाय रोवले, दंड फुगवले, जोर लावला, आणि जोर वाया गेल्यामुळे जवळजवळ पुढे कोलमडलाच.

"अरे, हे दोन बोटांनी फिरतंय!"

"दोन बोटांनीच फिरव."

सॅमी कौतुकाने फिरवत राहिला. साठेक फेऱ्यांनंतर त्याने वाकून हौदात पाहिलं. कपाट वीतदीड वीत उतरलं होतं.

"अजून किती?"

"दीडशे."

"दीडशे!" त्याने हँडल सोडून कमरेवर हात ठेवले. "पॉल, फादरांची प्रार्थना संपेल, गाणं संपेल, लोक मूठभर माती घेऊन उभे राहतील ते उभेच. हात अवघडतील त्यांचे. आणि पेटी आपली वाटेतच!"

मटिल्डाला हसू आवरलं नाही. तिने तोंड फिरवून ग्रीसचा डबा उचलला.

"याला जलद कर," सॅमी म्हणाला. "दोन मिनिटांत बसव. मग मी फादरांशी बोलतो."

"जलद केलं की जोर लागतो. माणिकपूरहून रिक्षा पुलावर चढते ती बघितलीस? पहिल्या गिअरवर. ओरडते फार, सरकते थोडी. तिथेच चौथा टाकला तर जागच्या जागी बंद पडेल. इंजिन तेच असतं, सॅमी. जोर वाचवायचा तर वेळ द्यावा लागतो. वेळ वाचवायचा तर जोर पदरचा घालायचा."

"मग घालू की! आपण काय एवढे म्हातारे झालो?"

"जलद गिअर उलटा धावतो. त्याला हात सुटून चालत नाही."

"हात कशाला सुटेल?"

झावळीवर एक खार होती, ती थांबली. मटिल्डा डब्याचं झाकण घट्ट करत राहिली. ते मघाशीच घट्ट झालं होतं. आता सांगेल, तिला वाटलं. सॅमी काही परका नव्हता. पण पॉल चौकटीचा एक बोल्ट निरखत उभा राहिला, जणू तो आजच पहिल्यांदा दिसत होता.

सॅमीचा आवाज उतरला. "केनीच्या वेळचं तू मनाला लावून घेतलंयस. दोर ओला होता, बाबा. मी तो जाळला, ठाऊक आहे ना तुला? नवा आणलाय. तुझा पोरगा ऑस्टिन काही कॅनडाहून वेळेत पोचणार नाही, तेव्हा आयच्या डोक्याकडचा दोर तुझाच. तू असताना तो मी कुणाला देऊ? लोक काय म्हणतील? मशीन आणायचंच असेल तर दोन मिनिटांचं आण. नाहीतर दोर."

जाताना तो ओट्यावर सालोमीपाशी थांबला, वाकून तिच्या पाया पडला आणि मोठ्याने म्हणाला, "आय, पंप निघेल हां आता तुमचा!"

तो फाटकाबाहेर गेल्यावर मटिल्डा म्हणाली, "खरं सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? केनीला मी टाकला म्हणून?"

"तुम्ही टाकला नाहीत. हात गेला."

"आयला हा फरक कळेल?" पॉलने तिच्याकडे पाहिलं नाही. "सॅमीला सांगितलं की आळीत पोचलं, आळीत पोचलं की ओट्यावर. तिचे थोडे दिवस राहिलेत, मटिल्डा. तेवढे तिला दोर ओला असू दे."

जेवण झाल्यावर त्याने कपाट वर आणून त्याखाली फळ्या सरकवल्या आणि वर्मचा खोका उतरवला. चार बोल्ट, त्यातले दोन गंजलेले. जुन्या बिस्किटाच्या डब्यातून त्याने सरळ दात्यांची दोन चाकं काढली, एक लिंबाएवढं, एक मोठ्या ताटाएवढं. धाकट्याचे आठ फेरे झाले की थोरल्याचा एक. दोनशे सोळांचे त्रेचाळीस होणार होते. हँडलवर दोन किलोंचा भार येणार होता. बाजारातून आणलेल्या बटाट्यांच्या पिशवीएवढा.

"दोन किलो काय, मी एका हाताने धरीन," तो म्हणाला. मटिल्डाने काही विचारलं नव्हतं.

तिने फिरवते म्हटलं, तर तो नाही म्हणाला. फादरांसमोर, सगळ्या आळीसमोर ती थोडीच फिरवणार होती?

फळ्या काढल्यावर या खेपेला कपाट झपझप उतरायला लागलं. पाइप कुरकुरले, पट्टे सुटत गेले. पॉलचा उजवा हात वर्तुळात फिरत होता आणि मटिल्डा फेऱ्यांऐवजी त्याची बोटं बघत होती. एकोणिसाव्या फेऱ्याला ती उघडली. थकून नाही की घसरून नाही. कुणी हातातली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकावी, तशी सहज. पुढचं सगळं एका श्वासात झालं. हँडल गरगरत उलटं आलं, त्याच्या मनगटावर बसलं, आणि कपाट हौदाच्या तळावर आदळलं. आरसा फुटल्याचा आवाज सगळ्यात शेवटी आला.

दोघंही हौदाकडे बघत उभी होती. त्यामुळे ओट्यावरून वॉकरच्या टकटकीने कुणीतरी येतंय हे त्यांना कळलं, तेव्हा सालोमी अर्ध्या वाटेवर आली होती. गेल्या महिनाभरात ती इतकी चालली नव्हती. ती हौदाच्या कडेपाशी आली, श्वास गोळा केला आणि खाली पाहिलं. कपाट तिरकं पडलं होतं. दाराच्या फटीतून तांदूळ सांडत होते.

"हे माझं कपाट," ती म्हणाली.

"हो, आय."

"पंप कपाटात ठेवतात व्हय?"

सालोमी मूळची मिठागराकडची. साठ-सत्तर वर्षं वाडीत काढली तरी माहेरची बोली तिच्या जिभेवरून उतरली नव्हती. पॉलला पावलू म्हणणारीही ती एकटीच उरली होती.

"पावलू, हात दाखव."

"काही नाही, आय. हँडल लागलं. सूज आहे, उतरेल."

तिने वॉकर सोडला. मटिल्डाने पटकन तिला पाठीमागून धरलं. सालोमीने मुलाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सुजल्या मनगटाकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्या तळव्यात आपलं एक बोट ठेवलं आणि म्हणाली, "धर."

त्याने धरलं. ती थांबली. वाडीपलीकडच्या रस्त्याने एक डंपर गेला, बिल्डिंगच्या कामावर कुणीतरी कुणाला शिवी दिली. मग त्याची बोटं सैल झाली. तिचं बोट मोकळ्या तळव्यावर तसंच राहिलं.

"कवापासून?"

"दोनेक वर्षं होतील."

"म्हंजे केनीच्या आधीपासून."

"दोर ओला होता, आय," पॉल म्हणाला. सगळ्या गावाने हे वाक्य म्हटलं होतं. त्याच्या स्वतःच्या तोंडून मटिल्डाने ते आज पहिल्यांदा ऐकलं.

"मी खुर्चीत होते, पावलू. तुमी सगळी उभी. सगळ्यांचे डोळे पेटीवर. माझ्या तोंडासमोर तुझे हात होते." ती श्वासासाठी थांबली. "दोर कोरडा होता."

पॉलने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही. तिची पकड काही फार नव्हती, पण त्याच्याने तेवढीही सुटेना.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" पॉल म्हणाला. "वर्ष झालं, आय. एकदा तरी बोलायचं."

"काय बोलू? एक खाली गेला व्हता. दुसऱ्याला पन ढकलू?"

मटिल्डा म्हातारीच्या मागे होती, त्यामुळे तिचा चेहरा तिला दिसत नव्हता. पॉलचा दिसत होता. तिने नजर काढून हौदात सोडली. तांदूळ अजून सांडत होते, थोडे थोडे.

"त्ये सकाळचं हळूवालं व्हतं, त्ये बरं व्हतं," सालोमी म्हणाली. "त्येच लाव."

"सॅमी ऐकणार नाही. त्याला दोन मिनिटांचं पाहिजे."

"सॅमीला मी सांगीन. रविवारी मिस्साहून येताना त्याला घरी बोलाव. म्हनीन, मला दोराचं भ्या वाटतं. म्हातारीला भ्या वाटतं म्हटलं, की पुढं कोन इचारतो?"

आयुष्यात मिठागराच्या बांधावरच्या सापांना घाबरली नाही अशी ही बाई. मटिल्डाने तिला घट्ट धरलं आणि वॉकर तिच्या पुढ्यात ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलचं मनगट वांग्यासारखं झालं होतं, म्हणून खोका मटिल्डाने बसवला. तो डाव्या हाताने दाखवत होता आणि ती आवळत होती. "अजून," तो म्हणायचा. "आता पुरे. जास्त आवळलंस तर आटे जातील." तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला पान्हा कधी हातात दिला नव्हता, आणि चारही बोल्ट आवळून झाल्यावर तिला वाटलं, यात एवढं काय होतं? खाली कपाट तसंच पट्ट्यांत होतं. ते आधी वर काढायला हवं होतं.

सालोमी पुन्हा वॉकर घेऊन आली. कालच्यापेक्षा जास्त वेळ लागला तिला, पण तिने कुणाला हात धरू दिला नाही.

"उलटं फिरवलं तर वर येतं?"

"येतं, आय," पॉल म्हणाला. "वेळ तेवढाच लागतो."

"सॅमी दोन बोटांनी फिरवत व्हता. वट्यावरून आयकलं मी."

"आय, तू नको. दम लागेल."

तिने एक हात वॉकरवर ठेवला, दुसऱ्याने हँडल धरलं. शिरा वर आलेला, रोजरीचे मणी ओढायची सवय झालेला हात. पहिला फेरा पूर्ण व्हायला बराच वेळ गेला. दुसऱ्या-तिसऱ्याला पट्टे ताठ झाले, आणि तळाशी तिरकं पडलेलं ते कपाट, तांदळासकट, फुटक्या आरशासकट, हळूच सरळ झालं आणि जमिनीवरून सुटलं. एका फेऱ्याला ते तांदळाच्या दाण्याएवढं वर येत होतं, जास्त नाही. पण येत होतं. अडतीस किलोंची बाई ऐंशी-पंच्याऐंशी किलो वर ओढत होती आणि मुलाकडे न बघता हौदात बघत होती.

नवव्या फेऱ्याला तिला धाप लागली. तिने हँडल सोडलं. कपाट होतं तिथेच राहिलं.

पॉल पुढे झाला. डावा हात हँडलकडे नेत म्हणाला, "दे आता, आय. मी करतो."

सालोमीने हँडलवर परत हात ठेवला.

"मटिल्डा," ती म्हणाली, "वट्यावरची खुर्ची आन गं हिकडं. आनि च्या पन हितंच दे."